देवगडच्या सड्यावरचं ओलं घर

२०२५ साली पावसाने आम्हा कोकणातल्या बांधकामवाल्यांना अर्ध्या कामात गाठलं. २४ मेला तो केरळात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडात. त्याच्याही आधी चार-पाच दिवस वळवाने झोडपायला सुरुवात केली होतीच. आमच्याकडे कामं आखतात ती मिरग धरून, म्हणजे ७ जूनच्या हिशोबाने. त्या वर्षी ते मधले दोन आठवडे आमच्या हातातून गेले. ज्या घराबद्दल लिहितो आहे, त्याचं बाहेरचं प्लास्टर त्याच दोन आठवड्यांत व्हायचं होतं.

घर देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. साडेआठशे चौरस फूट, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर स्लॅब आणि स्लॅबवर पत्र्याची शेड. मालक मुंबईहून निवृत्त होऊन आलेले. मी त्यांना काका म्हणतो. जुनं मातीचं घर पाडून त्याच जोत्याच्या जागी हे नवं उभं राहिलं. त्यामुळे गणपतीचा प्रश्न साधा नव्हता. चार पिढ्या ज्या जागी मूर्ती बसली तिथेच ती बसणार, आणि ती जागा आता एका ओल्या, अर्धवट घरात होती. चतुर्थी होती २७ ऑगस्टला.

पाऊस आला तेव्हा आतल्या प्लास्टरचं निम्मं काम बाकी होतं. ते जूनमध्ये उरकलं, दहा-बारा दिवस पाणी मारलं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आणि सावकाश पक्कं होणारं, असल्यामुळे क्युरिंगचे (पाणी मारायचे) दिवस मी कमी केले नाहीत. घाई कितीही असली तरी ते पाणी सिमेंटचं असतं, ते त्याला मिळालंच पाहिजे. बाहेरचे चिरे मात्र उघडेच राहिले. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन थेट पश्चिमेच्या भिंतीवर आपटत होता. जुलै उजाडला तेव्हा आत भिंतींना हात लावला की तळवा ओला होई, देवघराच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसायला लागली होती, आणि बाहेर रचून ठेवलेल्या चिऱ्यांतला एक चिरा मी वजनकाट्यावर घातला तर शेडमधल्या कोरड्या चिऱ्यापेक्षा तो अडीच किलो जड भरला. एका चिऱ्यात अडीच लिटर पाणी. पश्चिमेच्या एकट्या भिंतीत चारशेच्या वर चिरे होते.

काकांचा मुलगा कॅनडात असतो. त्याने फोनवर सांगितलं, "इथे ऐन हिवाळ्यात घरं बांधतात. खिडक्या प्लास्टिकने बंद करतात, आत मोठे हीटर लावतात, दोन-तीन आठवड्यांत सगळं कोरडं." त्याने व्हिडिओही पाठवले. काकांनी ते मला दाखवले आणि म्हणाले, "आपण का नाही करायचं?" माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. खरं तर मलाही ते पटलं. ओलं कापड चुलीवर धरलं की वाळतं, तसं घर का वाळणार नाही?

आम्ही ओटी, देवघर आणि त्याला लागून असलेली एक खोली निवडली. मिळून पावणेचारशे चौरस फूट. दारं अजून बसली नव्हती, तिथे प्लायवुड ठोकलं. खिडक्यांना प्लास्टिक लावलं. आत मिळून चार हजार वॅटचे हॅलोजन लावले. व्होल्टेज पडलं की ते मंद होत आणि लाईट गेली की सगळंच थंड, म्हणून वर दोन कोळशाच्या शेगड्या. ही ८ जुलैची गोष्ट.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत शिरलो तर अंगावर वाफ आली. पारा ३७ अंशांवर होता. भिंती वरवर सुकल्यासारख्या दिसत होत्या, पण स्लॅबच्या पोटावर थेंब धरले होते आणि टपटप खाली पडत होते. आमचा गवंडी वर बघत म्हणाला, "ह्यो घाम खयसून इलो?"

घाम भिंतीतूनच आला होता. उष्णतेने भिंतीतलं पाणी हवेत आलं, हवेला बाहेर जायला वाट नव्हती, आणि घरातली सगळ्यात थंड जागा होती पावसाच्या गारव्यातली स्लॅब. पाणी तिथे जाऊन बसलं. एवढी वीज आणि एवढा कोळसा जाळून आम्ही पाणी भिंतीवरून छतावर नेलं होतं.

त्याहून वाईट प्रकार १२ जुलैच्या रात्री झाला. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून रंगकामाची दोन पोरं त्याच बंद खोलीत शेगडीजवळ झोपली. रात्री दोनच्या सुमाराला एकाला जाग आली, डोकं फुटेल असं दुखत होतं. तो कसाबसा दारापर्यंत सरपटत गेला आणि प्लायवुड ढकलून बाहेर पडला. दुसरा हलवूनही नीट जागा होत नव्हता. त्याला ओढून पडवीत आणलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माका गरगरता." दवाखान्यात ऑक्सिजन दिला, दुसऱ्या दिवशी दोघंही बरे होते. कोळशाच्या धगीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. हे मी शिकलेलो होतो. तरीही शेगड्या माझ्या सांगण्यावरून आत गेल्या आणि तिथे कुणी झोपायचं नाही हे मी सांगितलं नव्हतं. त्या दोन पोरांच्या बाबतीत ही चूक माझी आहे. पेट्रोलवर चालणारा जनरेटरही अशाच कारणाने घरात किंवा पडवीतसुद्धा ठेवू नये. तोच वायू त्याच्याही धुरात असतो.

कॅनडात चालतं ते इथे का चालत नाही

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. हे आधीच करायला हवं होतं.

हवा जितकी गरम, तितकी वाफ तिच्यात जास्त मावते. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम वाफ मावते. ती हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात १७ ग्रॅम मावू शकते, म्हणजे तिची आर्द्रता १२-१३ टक्क्यांवर येते. अशी हवा भिंतीला लागली की पाणी शोषून घेते आणि बाहेर सोडून दिली की संपलं काम. थंडीच्या देशात बाहेरची हवा हाच कोरडेपणाचा साठा आहे. हीटर फक्त तिला भूक लावतो. आणि तिथेही हीटर लावून घर घट्ट बंद ठेवलं तर आमच्यासारखाच घाम येतो. व्हिडिओत हीटर दिसतो, हवा बाहेर सोडायची वाट दिसत नाही.

आता जुलैतला सडा घ्या. २७ अंश, आर्द्रता ९२ टक्के. या हवेच्या एका घनमीटरमध्ये आधीच जवळजवळ २४ ग्रॅम वाफ असते. ती ३७ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ५४ टक्क्यांवर उतरते, म्हणजे तीही थोडं पाणी पिऊ शकते, प्रत्यक्षात घनमीटरला दहा-अकरा ग्रॅम. शंभर लिटर पाणी अशा हवेवर लादून बाहेर काढायचं तर सुमारे ९,००० घनमीटर हवा तापवून सोडून द्यावी लागेल. आमच्या तीन खोल्यांत सगळी मिळून हवाच होती १०५ घनमीटर. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ करायला विजेची सुमारे ०.६८ युनिट लागतात, ती वेगळीच.

गॅसचा हीटर लावू असंही काकांनी सुचवलं होतं. गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं, हे आपण स्वयंपाकघरात विसरून जातो. १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर पूर्ण जळला की त्यातून ३० लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. ओलं घर सुकवायला आपण सिलिंडरमागे दोन बादल्या पाणी आत ओतणार होतो.

उन्हाळ्यात आणि थंडीत कोकणात घर सुकवायला काहीच लागत नाही, खिडक्या उघड्या टाकल्या की झालं. तीच सवय पावसाळ्यात घात करते. "दारं-खिडक्या उघडा, वारा लागू दे" असं प्रत्येक जण सांगतो, मीही सांगायचो. पण जुलैतला वारा भिंतीला कोरडं करत नाही, तो तिला पाणी पाजतो.

मग एकच मार्ग उरला: खोली बंद करायची आणि आतल्या हवेतलं पाणी पकडून बादलीत घालायचं. डीह्युमिडिफायर तेच करतो. हवा थंड कॉइलवरून नेतो, पाणी खाली ठिबकतं, आणि वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता खोलीतच परत मिळते. आमच्या हवेत हे यंत्र एका युनिटला दीड-दोन लिटर पाणी काढतं. दिवसाला ५० लिटर क्षमतेचं एक यंत्र गोव्याहून भाड्याने आणलं. ही क्षमता ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते; हवा कोरडी होत जाते तसा आकडा उतरतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवून तारखा देऊ नयेत.

काकांना मी स्पष्ट सांगितलं: अख्खं घर सुकणार नाही. या तीन खोल्या सुकतील, बाकीच्या दिवाळीनंतर. त्यांना ते आवडलं नाही, पण त्या रात्रीनंतर त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही.

बादली

२० जुलैला यंत्र सुरू झालं. सोबत दोन पेडेस्टल पंखे, भिंतीला समांतर वारा जाईल असे. भिंतीला चिकटून जो ओल्या हवेचा थर असतो तो हलला नाही तर यंत्र खोलीच्या मध्यातली हवा पुन्हा पुन्हा गाळत बसतं. पश्चिमेच्या भिंतीबाहेर बांबूंचा सांगाडा करून भिंतीपासून फूटभर अंतरावर ताडपत्री ताणली, म्हणजे पाऊस ताडपत्रीवर आणि चिरे मोकळे. खिडक्यांचं प्लास्टिक टेपने बंद केलं. भिंतीवर एक साधं डिजिटल आर्द्रतामापक टांगलं आणि एक वही ठेवली. काकू रोज सकाळी आणि संध्याकाळी बादली मोजून वहीत लिहायच्या. त्यांच्याइतकी नेटकी नोंद माझ्या कुठल्याच साइटवर आजवर झालेली नाही.

पहिल्या दिवशी ३१ लिटर. सगळे बादलीभोवती उभे राहून बघत होते. एवढं पाणी भिंतीत होतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणालाच खरं वाटलं नसतं.

पण पुढे गाडं अडलं. २९, २८, २९, २७. लाईट गेली तो दिवस सोडला तर आकडा हलेना, आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर ठाण मांडून बसली. सुकणाऱ्या भिंतीचा आकडा असा नसतो. तो रोज थोडा उतरतो. नऊ दिवसांत यंत्राने अडीचशे लिटर काढले आणि खोली होती तिथेच. याचा अर्थ एकच: जेवढं काढतोय तेवढं कुठूनतरी आत येतंय.

आधी फटी शोधल्या. वायरिंगच्या पाइपांची तोंडं स्लॅबमधून वर उघडी होती, त्यांत कापूस कोंबून टेप मारली. प्लायवुडच्या कडा भरल्या. फरक पडला, पण दिवसाला दोन-तीन लिटरचाच.

मग प्लास्टिकची चाचणी केली. दीड फुटाचे चौकोनी तुकडे कापून चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर आणि जमिनीवर चिकटवले, रात्रभर ठेवले. सकाळी भिंतीच्या वरच्या भागातले तुकडे जवळजवळ कोरडे होते. पूर्वेच्या भिंतीच्या खालच्या दोन फुटांतले आणि जमिनीवरचे तुकडे आतून थेंबांनी भरलेले.

पूर्वेची भिंत पावसाच्या माऱ्यात नव्हती. त्या बाजूला सडा चढत जातो. सड्यावर कातळावरची माती हातभर, आणि पावसाळ्यात पाणी त्या मातीतून कातळाच्या पाठीवरून उताराने सरकत राहतं. ते थेट आमच्या जोत्यात शिरत होतं. जोतं चिऱ्याचं, भरावही चिऱ्याच्या भुग्याचा, आणि जमिनीखाली प्लास्टिकचा थर टाकलेला नव्हता. माझ्या नकाशात तो होता. काम करताना राहून गेला आणि मी तपासलं नाही. आम्ही नऊ दिवस सड्याचं पाणी उपसत होतो.

जुन्या घराच्या जोत्याच्या वरच्या अंगाला एक चर असायची, असं शेजारच्या आजोबांनी तेव्हा सांगितलं. दर वर्षी मिरगाच्या आधी ती साफ करायचे. नव्या बांधकामाचं सामान उतरवताना ती बुजून गेली होती. ३० आणि ३१ जुलैला भर पावसात चार माणसांनी कातळ लागेपर्यंत नवी चर खणली, घरापासून सहा फुटांवर, दोन्ही टोकांना उताराकडे वळवून. पहिल्या तासातच तिच्यातून पाणी वाहायला लागलं. आतल्या जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा भिंतीला चिकटवल्या आणि फरशीचं काम रद्द केलं.

त्यानंतरची वही वाचताना मला अजूनही बरं वाटतं. १ ऑगस्टला २४ लिटर, ६ तारखेला १८, दहाच्या पुढे १४, मग ११. आर्द्रता ६६, ६२, ५८. मी यंत्र ५५ वर लावून ठेवलं, त्याखाली नेलं नाही. नव्या प्लास्टरमधून पाणी फार झपाट्याने ओढलं की केसांसारख्या चिरा पडतात. १८ ऑगस्टनंतर आकडा आठ-नऊ लिटरवर स्थिरावला. मी हिशोब करून पाहिला तर तेवढं पाणी नुसत्या फटींतून येणाऱ्या बाहेरच्या हवेतूनच येऊ शकत होतं. म्हणजे भिंतीने द्यायचं ते बहुतेक देऊन झालं होतं. एकूण जमा: सहाशे लिटरच्या आसपास.

खात्रीसाठी आर्द्रतामापक एका प्लास्टिकच्या डब्याखाली भिंतीवर सील करून तीन दिवस ठेवलं. देवघरात ७१ टक्के, ओटीवर ७३. पूर्वेच्या भिंतीच्या तळाशी ८४. टोचून बघायचं ओलमापकही माझ्याकडे होतं, पण समुद्राजवळच्या भिंतीत क्षार असतात आणि क्षारांमुळे ते यंत्र कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतं. त्याचा उपयोग मी फक्त एकाच भिंतीवरच्या दोन जागांची तुलना करायला केला.

रंगाच्या दुकानदाराने ओल रोखणारा प्रायमर आणि त्यावर प्लास्टिक पेंट सुचवला होता. काकांनाही तोच हवा होता, फोटोत छान दिसतो. मी नाही म्हटलं. तळाशी ८४ टक्के असलेल्या भिंतीवर असा थर दिला तर आतलं पाणी त्याला मागून ढकलतं, महिन्याभरात पोपडे सुटतात आणि लोणा फुटतो, म्हणजे भिंतीतले क्षार पांढरे होऊन वर येतात. त्याऐवजी चुना लावला, तीन हात, त्यात किंचित निळीचा थेंब. चुन्यातून भिंत श्वास घेते. काकूंच्या माहेरी दर वर्षी गणपतीआधी चुनाच काढायचे, त्या म्हणाल्या, "ह्याचाच वास हवो होतो." काकांनी त्यानंतर पेंटचा विषय काढला नाही.

२७ ऑगस्टला जुन्याच जागी गणपती बसला. पांढऱ्या भिंती, वर माटवी म्हणजे टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेले नारळ, सुपाऱ्या आणि रानातली कवंडळं. खाली जमिनीवर प्लास्टिक आणि त्यावर चटया. यंत्र पाच दिवस शेजारच्या खोलीत हलवलं, कारण त्याच्या घरघरीत आरती ऐकू येईना. शंभरेक माणसं येऊन गेली आणि आर्द्रता पुन्हा ७५ वर गेली. गर्दीतल्या माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं पाणीही कमी नसतं. विसर्जनानंतर चार दिवसांत ती खाली आली.

बाकीचं घर ठरल्याप्रमाणे थांबलं. नोव्हेंबरपासून खिडक्या सताड उघड्या टाकल्या, वीज न लागता भिंती सुकल्या. बाहेरचं प्लास्टर डिसेंबरात झालं. फरशी जानेवारीत, ओटीची सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर) उकरून खाली प्लास्टिक टाकून. तो खर्च मी घेतला.

एक गोष्ट मात्र बिघडली ती बिघडलीच. मुख्य दाराशिवाय गणपती कसा आणायचा म्हणून काकांनी फणसाचं दार २४ ऑगस्टला बसवून घेतलं. दार सुताराच्या पडवीत पावसाळाभर उभं होतं. ९० टक्के आर्द्रतेत लाकूड आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी धरून राहतं, ६० टक्क्यांत ११ च्या आसपास. ते फुगलेलं दार चौकटीत बसेना तेव्हा सुताराने कडेला रंधा मारला. मी तिथे होतो, थांबवायला हवं होतं. ते दार आठ दिवस आमच्या सुकलेल्या खोलीत ठेवलं असतं तर आपोआप बसलं असतं. फेब्रुवारीत दार आटलं आणि कडीच्या बाजूला बोट जाईल एवढी फट पडली. सध्या तिथे लाकडी पट्टी ठोकली आहे. काका म्हणतात राहू दे. सुतार म्हणतो, नवं दार करू, पण लाकूड मेमध्ये चिरून पुढच्या एप्रिलपर्यंत सावलीत ठेवायचं, आणि ते ठेवायला या वेळी त्याने आमच्या त्याच खोलीची जागा मागितली आहे.